धंदा करणाऱ्या बायकांची संघटना: खडूच्या नकाशापासून पोलीस ठाण्यापर्यंत

वस्तीत लैंगिक व्यवसाय करणाऱ्या बायकांची संघटना उभी करायची तर पाटी, शिक्का आणि नोंदणी सगळ्यात शेवटी. आधी मोजणी, मग कंडोम, मग दवाखाना, मग कागदपत्रं, मग पोलीस. सांगलीत संग्राम संस्थेने १९९२ मध्ये काम सुरू केलं, तेव्हा कंडोम वाटायची जबाबदारी वस्तीतल्या बायकांनीच उचलली. त्याच बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, १९९६ मध्ये उभी राहिली. कोलकात्यात सोनागाछीचा आरोग्य प्रकल्प १९९२ चा आणि दरबार महिला समन्वय समिती १९९५ ची. दोन्ही ठिकाणी संघटना कागदावर यायच्या आधी काही वर्षं बायकांच्या हातात रोजचं काम होतं.

बाहेरच्या कार्यकर्त्याच्या पिशवीत राहणारी वही प्रकल्प संपला की त्याच्याबरोबर निघून जाते. म्हणून खालच्या प्रत्येक कामात दोन गोष्टी बघा: वही कोण लिहितं, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे.

मोजणी

दुपारी बारा ते दोन ही वेळ बरी. रात्रीची झोप झालेली असते, संध्याकाळची गिऱ्हाइकं अजून आलेली नसतात. वेगवेगळ्या घरांतल्या आठ-दहा बायका जमवा. घरवालीला, म्हणजे कुंटणखाना चालवणारीला, या बैठकीत बसवू नका. तिच्यासमोर आकडा हमखास कमी सांगितला जातो, कारण नवी आलेली किंवा कर्जात असलेली बाई तिला लपवायची असते.

फरशीवर खडूने गल्ली काढा. घरं, लॉज, दलाल बसतो ती पानटपरी, मेडिकल, खाजगी डॉक्टर, पोलीस चौकी, सार्वजनिक नळ सगळं दाखवा. शाळा, देऊळ, मशीद आणि हॉस्पिटल न विसरता काढा. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं, म्हणजे पिटाचं, कलम ७ अशा ठिकाणांपासून २०० मीटरच्या आत लागू होतं. आपलं कोणतं घर त्या अंतरात येतं हे धाड पडायच्या आधी माहीत असलेलं बरं.

मग दाणे मांडा. प्रत्येक बाईमागे एक चवळी, गेल्या सहा महिन्यांत आलेलीमागे एक हरभरा, पंचेचाळिशी ओलांडलेलीमागे एक शेंगदाणा. दाणे सगळ्यांनी मिळून ठेवायचे असतात, त्यामुळे एकीने विसरलेलं घर दुसरी दाखवते. अक्षरओळख नसलेली बाईही इथे बरोबरीने बोलते. शेवटी दाणे मोजून कागदावर उतरवा, पण घराला क्रमांक द्या, बाईचं नाव लिहू नका. नकाशाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवायचा नाही. तो कुठे पोचेल यावर तुमचा ताबा नसतो, आणि धाडीसाठी याहून सोपा कागद कुणाला मिळणार नाही.

तीन महिन्यांनी नकाशा नव्याने काढा. जत्रा, ऊसतोडीचा हंगाम, गावची पेरणी, पोरांच्या परीक्षा यांप्रमाणे बायका येतात-जातात. एसटी स्टँडवर उभं राहून, लॉजवर किंवा फोनवरून धंदा करणाऱ्या बायका या खडूच्या गल्लीत दिसणारच नाहीत. त्यांच्यासाठी त्यांच्यातलीच एक शोधावी लागते, कारण गल्लीतल्या बाईबरोबर दिसायला त्या घाबरतात. तृतीयपंथी सहकाऱ्यांचंही तसंच. त्यांची मोजणी त्यांच्याकडेच द्या.

पिअर कशी निवडायची

सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमात साधारण ६० बायकांमागे एक पिअर, म्हणजे बायकांमध्ये फिरून काम करणारी त्यांच्यातलीच एक, धरलेली असते. हे प्रमाण चांगलं आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येकीशी बोलायचं तर याहून जास्त झेपत नाही.

निवडीसाठी एकच प्रश्न एकेकीला बाजूला घेऊन विचारा: "रात्री दोन वाजता काही झालं तर तू कुणाचं दार वाजवशील?" जिचं नाव सगळ्यात जास्त वेळा येईल ती पिअर. शिक्षणाची अट घालू नका. चित्रांची वही करता येते. उलट दोन प्रकारच्या बायका टाळा, त्या कितीही हुशार असल्या तरी. एक, घरवालीचा हिशेब सांभाळणारी. दुसरी, व्याजाने पैसे देणारी. जिचे पैसे देणं आहे तिच्यापुढे कुठलीही बाई आपला आजार सांगत नाही आणि खरी कमाई तर नाहीच नाही. मग गिऱ्हाइकांचा आकडा खोटा येतो आणि पुढचे सगळे हिशेब चुकतात.

मानधन ठरल्या तारखेला, तिच्या स्वतःच्या खात्यात. दोन महिने उशीर झाला की ती परत धंद्याच्या वेळा वाढवते आणि फिरणं बंद पडतं. हा तिचा आळस नाही, घरभाडं आहे. दोन वर्षांनी बदल करा, म्हणजे वस्तीत काम येणाऱ्या बायका वाढत जातात.

कंडोमचा हिशेब

"महिन्याला शंभर दे" असा ठोक आकडा धरू नका. प्रत्येकीला तिचे धंद्याचे दिवस आणि दिवसाची गिऱ्हाइकं विचारा. समजा आठवड्याला ५ दिवस आणि दिवसाला ४ गिऱ्हाइकं. आठवड्याचे २०, महिन्याचे साधारण ८६. मालकासाठी, म्हणजे घरच्या माणसासाठी, ८ धरा. झाले ९४. फाटणारे, वाया जाणारे म्हणून दहा टक्के वर. म्हणजे तिला १०३ लागतात. अशा ६० बायकांना महिन्याला सहा हजारांच्या वर. पुरवठा कधीही अडतो, म्हणून तीन महिन्यांचा साठा हाताशी असावा.

साठा पत्र्याच्या छपराखालच्या ट्रंकेत ठेवला की उन्हाळ्यात रबर कडक होतं आणि मग "सरकारी कंडोम फाटतो" अशी ओरड होते. भिंतीपासून थोडा दूर, जमिनीवरून वर, सावलीत ठेवा. आधी आलेला खोका आधी संपवा.

वहीत "दिले १००" एवढंच लिहिलं तर लक्ष्य पूर्ण दिसतं, पण ते वापरले की गटारात गेले ते कळत नाही. पिअरने जाताना बाईच्या ट्रंकेत किती उरलेत ते विचारून लिहावं. महिनाभर आकडा तसाच राहिला तर एक तर ती धंदा करत नाही, किंवा बिनाकंडोम करते. दोन्ही कारणांसाठी तिच्याशी बोलायला हवं.

वापर दाखवताना लाकडी मॉडेल घ्या आणि प्रत्येकीला स्वतःच्या हाताने करू द्या. पाकिटावरची तारीख बघायची. पाकीट बोटांत दाबायचं. आत हवेचा फुगा जाणवला तर पाकीट कुठे फुटलेलं नाही. कंडोम एका बाजूला सरकवून दुसऱ्या कडेने फाडायचं. दात, ब्लेड, वाढलेली नखं नकोत. टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि मुळापर्यंत उलगडायचं. उलटा लागला तर फिरवून परत लावायचा नाही, तो टाकायचा आणि दुसरा घ्यायचा, कारण त्याच्या टोकाला ओल लागलेली असते. काम झालं की मुळाशी धरून बाहेर, गाठ, कागदात गुंडाळून कचऱ्यात.

फाटण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: कोरडेपणा आणि तेल. चौथ्या-पाचव्या गिऱ्हाइकानंतर किंवा पाळी जायच्या वयात कोरडेपणा येतो, मग हाताशी असलेलं खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं जातं. तेलाने रबर काही मिनिटांत कमकुवत होतं. पाण्यात विरघळणारं जेलच वापरायचं. ते कंडोमबरोबर मागून घ्या. दोन कंडोम एकावर एक घालू नका, घासून दोन्ही फाटतात. आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर आतून साबणाने किंवा डेटॉलने धुणं थांबवा. त्याने आतली त्वचा सोलते आणि आजार लागायला वाट मिळते. बाहेरून साधं पाणी पुरेसं आहे.

जास्त पैसे देऊन बिनाकंडोम मागणाऱ्या गिऱ्हाइकाला एकटी बाई परत पाठवू शकत नाही. तो शेजारच्या घरात जातो आणि भाडं हिचं थकतं. म्हणून हा नियम बाईचा नको, गल्लीचा हवा. सगळ्या घरांनी एकाच दिवसापासून "कंडोम नाही तर खाट नाही" म्हणायचं. इथे मात्र घरवाल्यांना बोलवा. त्यांच्याशी पैशाच्या भाषेत बोला: आजारी बाई दोन आठवडे बसते. एक घर फुटलं की महिन्याभरात सगळी फुटतात, म्हणून फुटलेल्या घराशी त्याच आठवड्यात बैठक.

दवाखाना

तीन महिन्यांतून एकदा नियमित तपासणी, सहा महिन्यांतून एकदा एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी. सरकारी रुग्णालयांतली सुरक्षा क्लिनिकं गुप्तरोगांसाठी आहेत आणि तिथे लक्षणांप्रमाणे रंगीत किटमध्ये औषध मोफत मिळतं. सोबत पिअर गेलीच पाहिजे. एकटी गेलेली बाई दारावरच्या एका खवचट शब्दाने परत फिरते आणि पुढचे सहा महिने जात नाही.

डॉक्टरला स्पष्ट सांगायला शिकवा: "आतून तपासा, नुसतं विचारून औषध देऊ नका." बायकांना गुप्तरोग बऱ्याचदा लक्षणाशिवाय असतो. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की आजार दबतो, जात नाही. आणि मालकाने औषध घेतलं नाही तर पंधरा दिवसांत तोच आजार परत. हे सगळ्यात जास्त वेळा बिघडतं. गिऱ्हाइकाला कंडोम, मालकाला नाही, अशी बहुतेक घरांची रीत असते.

बोटाला टोचून केलेल्या चाचणीत एचआयव्ही निघाला तर ते निदान नव्हे. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, वेगवेगळ्या किटवर खात्री करतात. निदान झालं तर सीडी४ चा, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचा, आकडा काहीही असो, एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, लगेच सुरू होतात. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला की शारीरिक संबंधांतून तो दुसऱ्याला जात नाही. हे वाक्य वस्तीत वारंवार बोला. लपवण्याचं निम्मं कारण त्याने जातं.

कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली तर घड्याळ बघा. एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. ते एआरटी केंद्रात मिळतं. रात्री जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात मागा. कोणत्या रुग्णालयात रात्री मिळतं हे आधीच एकदा जाऊन विचारून ठेवा आणि भिंतीवर लिहा. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही ७२ तासांच्या आत.

एचआयव्ही प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. घरवाली निकाल मागायला आली तर पिअरने नाही म्हणायचं, ती कितीही जवळची असली तरी. मोफत चौकशीसाठी १०९७. तिशीनंतरच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आणि हिपॅटायटिस बीची तीन डोसांची लस याच फेरीत उरकून घ्या. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासा.

कागदपत्रं

बहुतेक बायकांना दोन नावं असतात, एक गावचं आणि एक धंद्यातलं. कुठल्या कागदावर कोणतं गेलंय याची यादी आधी करा. शिधापत्रिकेवर एक, बँकेत दुसरं, पोरांच्या शाळेत तिसरं असेल तर पुढे प्रत्येक खिडकीवर अडेल. शक्यतो गावचं नाव सगळीकडे एकच करा. संघटनेच्या वहीत मात्र सांकेतिक क्रमांक, आणि क्रमांक-नावांची जोडयादी वेगळ्या कपाटात, दोन किल्ल्यांच्या कुलपात.

आधारसाठी पत्त्याचा पुरावा नसेल तरी वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात, बुद्धदेव करमास्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात, सांगितलं की राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाने किंवा नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, राजपत्रित अधिकाऱ्याने दिलेल्या ठरावीक नमुन्यातल्या दाखल्यावर आधार द्यावं, आणि कार्डधारक सेक्स वर्कर आहे असं ओळखू येईल असा कोणताही संकेत क्रमांकात नसावा. अर्ज भरताना मोबाइल नंबर बाईचा स्वतःचा लावा. तिथे मालकाचा किंवा घरवालीचा नंबर गेला की बँकेचा ओटीपीही त्यांच्याकडेच जातो, आणि मग खातं नावापुरतं तिचं.

रेशनसाठी याच प्रकरणात सप्टेंबर २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्यायचा आदेश झाला होता, आणि डिसेंबर २०२१ मध्ये शिधापत्रिका व मतदार ओळखपत्र द्यायचाही. पुरवठा निरीक्षकाकडे जाताना आदेशाची छापील प्रत न्या. तोंडी सांगितलेला आदेश कुणी मानत नाही. संजय गांधी निराधार योजनेत विधवा, परित्यक्ता, देवदासी, एचआयव्हीसह जगणारी असे गट आहेत. बाई ज्या गटात बसते त्या गटातून अर्ज करा, धंदा सांगायची गरज पडत नाही.

वयाचा पुरावा सगळ्यात मोलाचा. चेहऱ्याने लहान दिसणाऱ्या पंचविशीच्या बाईला धाडीत अल्पवयीन धरलं की हाडांच्या तपासणीवर भिस्त राहते, आणि त्यात एक-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. शाळेचा दाखला असेल तर गावाहून मागवून ठेवाच. सगळ्या कागदांच्या प्रती घराबाहेर, संघटनेच्या कपाटात. धाडीनंतर खोलीला सील लागलं तर पेटी आतच राहते आणि कोर्टात दाखवायला हातात काही उरत नाही.

धाड

आधी कायदा नीट समजून घ्या, कारण वस्तीत दोन्ही बाजूंच्या अफवा असतात. पिटा १९५६ चा आहे. प्रौढ बाईने स्वतः धंदा करणं हा त्यात गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं (कलम ३), दुसऱ्याच्या कमाईवर जगणं (कलम ४), बाईला धंद्यात आणणं (कलम ५), सार्वजनिक ठिकाणाजवळ करणं (कलम ७) आणि रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं (कलम ८) हे गुन्हे आहेत. कलम ४ मुळे बाईच्या कमाईवर शिकणारा अठरावर्षीय मुलगा किंवा म्हातारी आईही अडकू शकते. या कलमाविरुद्ध संघटनांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला आहे, तो योग्यच आहे.

२०२२ च्या आदेशानंतर "आता पोलीस धरू शकत नाहीत" अशी बातमी फिरली. ती अर्धी आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने दहा शिफारशी केल्या होत्या. केंद्राने ज्यांना हरकत घेतली नाही अशा सहा शिफारशी न्यायालयाने राज्यांना पाळायला सांगितल्या: अत्याचार झालेल्या बाईला तातडीची वैद्यकीय मदत, सुधारगृहात मनाविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ बायकांचा आढावा आणि सुटका, पोलिसांनी सन्मानाने वागणं, माध्यमांनी ओळख उघड न करणं, कंडोमसारखी आरोग्याची साधनं गुन्ह्याचा पुरावा न धरणं, आणि विधी सेवा प्राधिकरणांनी हक्कांची माहिती देणं. धाडीत बायकांना अटक करू नये ही शिफारस उरलेल्या चारांत होती. ठाण्यात भांडताना या सहांवर पाय रोवा. ज्याचा आदेश नाही त्याचा हवाला दिला की समोरचा बाकीचंही ऐकत नाही.

धाडीच्या वेळी काय करायचं याची तालीम महिन्यातून एकदा घ्या. पळू नका, गच्चीवरून उडी मारून पाय मोडलेल्या बायका प्रत्येक वस्तीत आहेत. पहिला फोन संघटनेच्या ठरलेल्या नंबरला. फोन उचलणारीने चार गोष्टी विचारून लिहायच्या: किती वाजता, कोणतं ठाणं, किती बायका, किती पोरं. पोरं आधी. झोपलेलं लेकरू मागे राहिलं तर त्याच्याकडे कोण जाणार हे नावानिशी ठरलेलं हवं.

धाडीत किमान दोन महिला पोलीस हव्यात आणि झडतीला परिसरातले प्रतिष्ठित साक्षीदार हवेत, त्यात एक तरी बाई. हे पिटाच्या कलम १५ मध्येच आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि तिने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम ४३ आहे. शांत आवाजात, एकच प्रश्न परत परत: "साहेब, कोणत्या कलमाखाली नेताय?" पैसे, दागिने, फोन घेतले तर पंचनाम्यात आकड्यासह लिहायला लावा. न लिहिलेले पैसे परत येत नाहीत. कोऱ्या कागदावर सही-अंगठा नाही.

सकाळी कोर्टात "गुन्हा कबूल कर, दंड भर, सुट" असा सल्ला देणारे भेटतात. पिटाच्या कलम ८ खाली किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ११० खाली बाई दंड भरून घरी येते आणि विषय संपला असं वाटतं. पण कलम ८ मध्ये पहिल्या शिक्षेला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे आणि दुसऱ्यांदा दोषी ठरली तर एक वर्षापर्यंत. कबुली म्हणजे नोंद. वकील येईपर्यंत थांबा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० या नंबरवर मागायचा.

"सोडवलेली" बाई म्हणून दंडाधिकाऱ्यापुढे नेलं तर पिटाच्या कलम १७ ची चौकशी होते आणि एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवायचा आदेश होऊ शकतो. त्याविरुद्ध सत्र न्यायालयात अपील आहे. इथे मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२० चा निकाल वकिलाच्या हातात द्या: तीन प्रौढ तरुणींना त्यांच्या मर्जीविरुद्ध ठेवण्याचा आदेश न्यायालयाने रद्द केला आणि प्रौढ स्त्रीला आपला व्यवसाय निवडायचा हक्क आहे असं म्हटलं. बाईने दंडाधिकाऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगायचं असतं की ती प्रौढ आहे, मर्जीने आहे, आणि तिला कुठे जायचंय. हे वाक्य तालमीत मोठ्याने म्हणवून घ्या. कोर्टात आवाज बसतो.

बाईवर बलात्कार किंवा मारहाण झाली तर धंदा करते म्हणून तक्रार नाकारता येत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने एफआयआर घेता येतो. नकार मिळाला तर तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने आणि पोचपावती वहीत चिकटवा. बलात्कार झालेल्या बाईला उपचार सरकारीच नव्हे तर खाजगी रुग्णालयातही मोफत द्यावे लागतात. अंघोळ करायच्या आधी तपासणी, कपडे कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा सडतो.

अठराखालची मुलगी, अडकलेली बाई

याबाबत संघटना ढिली राहिली तर बाकी सगळ्या हक्कांच्या बोलण्याला अर्थ उरत नाही. नवी मुलगी आली की दोन दिवसांत तिघींनी तिला घरवालीपासून दूर, एकटीला भेटायचं. विचारायचं: कुणी आणलं, उचल कुणी घेतली, फोन तुझ्याकडे आहे का, बाजारात एकटी जातेस का, जायचं म्हटलं तर जाता येईल का. वय अठराखाली असेल किंवा तशी शंका असेल तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. १०९८ वर फोन, आणि २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे. रात्र तिने आपल्यातल्या एकीच्या घरी काढायची, कुंटणखान्यात नाही.

प्रौढ बाई उचलीपायी अडकलेली असेल तर तिला काय हवंय ते आधी विचारा. वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. काम करवून फेडून घ्यायचं असं कर्ज कायद्याने बाद आहे. हे घरवालीला दहा बायकांनी मिळून सांगितलं की बऱ्याचदा पोलिसांपर्यंत जावंच लागत नाही. सांगली-मिरजेत वस्तीतले वाद तंटामुक्ती समित्या मिटवतात, त्यांची पद्धत घेण्यासारखी आहे: दोन्ही बाजू समोर, निर्णय त्याच बैठकीत, आणि तो वहीत.

पैसा आणि नोंदणी

आता नोंदणी. दहा ते वीस जणींचा बचत गट आधी चालवून बघा. खात्यावर तिघींपैकी दोघींच्या सह्या, आणि त्या दोघी एकाच घरातल्या नकोत. दर महिन्याला जमा-खर्च मोठ्याने वाचायचा, कारण अर्ध्या बायका वही वाचू शकत नाहीत पण आकडे सगळ्यांना पाठ असतात. सोनागाछीच्या बायकांनी १९९५ मध्ये उषा सहकारी संस्था काढली, तेव्हा गृहिणी म्हणून नोंदणी करा असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही, स्वतःचा धंदा लिहूनच नोंदणी घेतली.

संस्था म्हणून नोंदवायला किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. मसुदा लिहिणारा "पतित महिलांचे पुनर्वसन" असा उद्देश सवयीने घालतो. तो खोडा. पुढे प्रत्येक देणगीदार आणि अधिकारी त्याच वाक्यावर बोट ठेवून विचारतो की किती जणींना धंद्यातून बाहेर काढलं. "लैंगिक व्यवसाय करणाऱ्या प्रौढ व्यक्तींचे आरोग्य, सुरक्षा व कायदेशीर हक्क" असं लिहा. सभासद कोण हे घटनेतच बांधा: धंदा करणारी किंवा केलेली प्रौढ व्यक्ती. बाहेरचे लोक सल्लागार म्हणून येतील, मत देणार नाहीत.

पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. बहुतेक संघटना इथेच अडकतात. दोन-तीन निवडणुका होतात, अध्यक्ष गावी निघून गेलेली असते, आणि सरकारी कागदावर अजून तिचंच नाव असतं. बँक खातं गोठवते आणि पिअरचं मानधन थांबतं. म्हणून निवडणुकीच्या दिवशीच, बायका जमलेल्या असतानाच, फॉर्मवर सह्या घ्या, जुन्या अध्यक्षीणबाईंची सही पहिल्यांदा, आणि कपाटाच्या दोन्ही किल्ल्या त्याच बैठकीत नव्या दोघींच्या हातात द्या.